एक अंगावर, एक पोटात

दाराच्या पायरीवर बसून तुम्हाला चाळीस ससे दिसले, तर पुढच्या वर्षी किती दिसतील? सांगा की. मादी एका उन्हाळ्यात तीनदा-चारदा विते, दर वेताला चार-पाच पिल्लं, आणि पुढच्या वसंतात ती पिल्लंही विणार. गुणाकार करा आणि छाती फुगवून आकडा सांगा.

मी सांगितला होता. भर सभेत, माइक हातात घेऊन. आणि सगळ्या गावात एकटी ड्रूसिला सॅम मागच्या रांगेतून म्हणाली होती, "नसतील."

ड्रूसिला माझी आत्या. सख्खी नव्हे, बापाची चुलतबहीण. पण ती लांडगा कुळातली आणि मी आईकडून कावळा कुळातली. आम्ही उत्तरेकडच्या बर्फाळ रानातले मूळ रहिवासी, आमच्यात समोरच्या कुळातल्या माणसाला तोंडावर चिडवायची मुभा असते. माझं वय सत्तावन्न, आणि ही मुभा तिने सत्तावन्न वर्षं पुरेपूर वापरली आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागते. डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची टोपी, पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांतले गमबूट, खिशात तंबाखूचा चपटा डबा. डब्यात तंबाखू नाही, डब्याभोवती पितळेची तार गुंडाळलेली. त्या तारेचे ती फास करते. सशाच्या वाटेवर, जमिनीपासून चार बोटं वर.

आयुष्यात तिने काय केलं? लोक छापतात असं काही नाही. मासेमारीच्या तळावर जन्मली, सरकारने आईबापांपासून उचलून दूरच्या निवासी शाळेत नेली, परत आली, लग्न केलं, दोन मुलगे वाढवले, आणि महामार्गावरच्या मोटेलमध्ये बावीस वर्षं चादरी धुतल्या. चादरी बघून ती मालकाला सांगायची, "सात नंबरच्या माणसाला दवाखान्यात पाठव." मालक हसायचा. एकदा पाठवला, तर शहरातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याचं पोट उघडलं. तेव्हापासून मालक हसायचा बंद झाला. वस्तू वरून बघायची नाही, ही तिची खोड तिथली की त्याच्याही आधीची, मला माहीत नाही.

माझंही सांगते, कारण या गोष्टीतला गाढवपणा माझा आहे. शाळा आठवीत सोडली. कायदा बैठकांमध्ये बसून शिकले, भांडायला उपजतच येत होतं. आमच्या ज्येष्ठांच्या घरात बावीस म्हातारे-म्हाताऱ्या, आणि त्यांना दुपारी काय मिळायचं? डब्यातलं गुलाबी मांस आणि पावडरचा बटाटा. रानातलं मांस सरकारी स्वयंपाकघरात शिजवायला परवानगी नाही, म्हणे आरोग्याला धोका. ज्या माणसांनी ऐंशी वर्षं तेच खाऊन हाडं कमावली, त्यांना धोका! तीन वर्षं भांडले. शेवटी सोललेला ससा तंगडीला धरून शहरातल्या कार्यालयात गेले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "यात काय खोट आहे ते दाखवा." परवानगी मिळाली. हे मी अजूनही कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आणि ते वर्षही कसलं! ससेच ससे. चर्चच्या पायऱ्यांखाली ससे, पेट्रोलपंपामागे ससे, क्लेमंटच्या स्नोमोबाइलची गादी कुरतडणारे ससे. हा क्लेमंट ज्येष्ठांच्या घरचा आचारी, तोंडाने फाटका, हाताने सोन्याचा. विलोच्या झुडपांची साल कमरेइतक्या उंचीपर्यंत सोलून निघाली होती. कुत्रीसुद्धा कंटाळली होती, ससा नाकापुढून गेला तर डोळा उघडून परत मिटायची. वन्यजीव खात्याचा हॅल्वर्सन नावाचा माणूस शहरातून यायचा, दोऱ्या ताणून आखलेल्या पट्ट्यांत सशांच्या लेंड्या मोजायचा. तो मला म्हणाला होता, "बाई, हेक्टरला तीनच्या वर. माझ्या नोकरीत एवढे पाहिले नाहीत."

मग मी जूनच्या सभेत उभी राहिले. योजना साधी होती. पहिला बर्फ पडला की तीस माणसं फास लावतील, जानेवारीपर्यंत चारशे ससे फ्रीझरमध्ये, एप्रिलपर्यंत दुपारचं जेवण सुटलं. शरदात मासे धरायला माणसं गुंतवायची नाहीत, तो वेळ लाकडं फोडायला वापरायचा. "आपल्या म्हाताऱ्यांच्या ताटात आपलं मांस," मी म्हणाले, "आणि ते मांस दारात येऊन उभं आहे!" टाळ्या पडल्या. क्लेमंटने टेबल बडवलं.

"नसतील," ड्रूसिला म्हणाली.

"काय म्हणालीस, आत्या?"

"ससे. बर्फ पडेल तेव्हा कमी असतील. पुढच्या बर्फाला नसतीलच. मासे धरा."

मी रागावले की माझा आवाज वर जात नाही, खाली येतो, आणि ते जास्त वाईट. मी म्हणाले, "आत्या, शहरात गेलीस की डोळे तपासून घे."

सभागृह हसलं. तिने टोपी सारखी केली. "डोळ्यांनी कोण मोजतंय? मी पोटातून मोजते."

आणखी हसले. पोटातून म्हणजे भुकेने, असं लोकांना वाटलं. मलाही. योजना एकमताने मंजूर झाली, कारण तिने हातच वर केला नाही, ना इकडे ना तिकडे.

सहा आठवडे मी तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचा पत्ताच नसावा. सुकवलेलं मूस हरणाचं मांस पिशवीत घालून माझ्या दाराला अडकवायची आणि निघून जायची. जुलै संपता संपता एका सकाळी ती स्वतःच दारात उभी.

"बर्नी. गमबूट घाल."

"मला काम आहे."

"तुझं काम बोलायचं. ते चालता चालता होईल."

आमच्यात उन्हाळ्यात ससे धरत नाहीत. कातडं कुचकामी, माद्या विणाऱ्या. पण ड्रूसिला दर उन्हाळ्यात दोनदा, पाच फास एका दिवसापुरते लावते. त्याला ती "विचारणं" म्हणते. जे सापडेल ते विचारून झालं की शिजवते, काही टाकत नाही. तिची आईही असंच विचारायची. मला हे ऐकून माहीत होतं, सोबत कधी गेले नव्हते. सभा सोडून मला वेळ कुठे!

पाचांपैकी तीन फासांत ससे होते, तिन्ही माद्या. ती शेवाळावर बसली, गुडघ्यावर पोतं पसरलं, आणि खिशातली सुरी काढली. पहिलीच्या पोटावरची लव बाजूला करून तिने सड दाबला. दुधाचा थेंब आला.

"हे काय?"

"दूध. पाजतेय."

"शाबास. शाळा वाया नाही गेली." तिने पोट उघडलं. लांब, नाजूक पिशवी बोटावर घेऊन माझ्यासमोर धरली. तिच्यात गाठी असायला हव्या होत्या, दोरीला मणी ओवावेत तशा. पिशवी सपाट होती. "आणि हे?"

"रिकामं."

"चांगल्या वर्षात सशीण विते त्याच दिवशी पुन्हा लागते. या दिवसांत उघडली की एक वेत अंगावर असतं आणि एक पोटात. नेहमी. माझी आई हेच म्हणायची, एक अंगावर, एक पोटात." तिने दुसरी उघडली. दूध होतं, पोट सपाट. तिसरीला गाठी होत्या, पण दोनच, आणि त्यातली एक काळी पडून जिरत चाललेली. "मागल्या वर्षी चौथं वेत नव्हतं. यंदा तिसरंही जातंय."

मग तिने गुरदे दाखवले. चांगल्या सालात गुरदा चरबीत बुडालेला असतो, शोधावा लागतो. या तिघींचे उघडेबोडके, शेंगदाण्यासारखे.

मी हार मानणारी नव्हे. "आत्या, तीन ससे म्हणजे पुरावा नाही."

"तू तीन सह्यांवर मोर्चा काढतेस. मला तीन ससे पुरतात."

"पण एवढे दिसतायत! आत्तासुद्धा, ते बघ, तिकडे दोन."

"दिसतायत. सगळे बापे-बायका आहेत." तिने सुरी पोत्याला पुसली. "पोरं कुठायत? ऑगस्ट लागतोय. पहिल्या वेताची अर्धवट वाढलेली पोरं या झुडपातून त्या झुडपात उड्या मारत असायला हवीत. तुला दिसलं एखादं? लेंड्या बघ पायाखाली. बारीक दिसते एकतरी?"

मी खाली वाकून लेंड्या बघितल्या. अर्धा तास. मोर्चे काढणारी बाई, ढुंगण वर करून लेंड्या बघतेय. सगळ्या मोठ्या. ड्रूसिला तोवर गुणगुणत ससे सोलत होती.

"का होतं असं?" मी विचारलं. "खायला कमी पडतं?"

"थोडं तेही. साल किती वर सोललीय बघितलंस ना? पण मुख्य ते नाही." तिने हनुवटीने वर दाखवलं. सुक्या स्प्रूसच्या झाडाच्या शेंड्यावर ससाणा बसला होता. "ससे वाढले की खाणारेही वाढतात. लिंक्स रानबोके, घुबड, हा. सशिणीला दिवसभर पळ काढायचाय. दचकत खायचं, दचकत झोपायचं. ती भीती पोटात उतरते. भ्यालेल्या आईला पोरं बारकी होतात, कमी होतात. मग होतच नाहीत. आणि ती बारकी पोरं मोठी झाली तरी जन्मभर दचकतात, त्यांनाही कमीच होतात."

"तुला हे कोणी सांगितलं?"

तिने कातडं उलटं करून पोत्यावर पसरलं. "मला आणि माझ्या भावाला ट्रकमधून शाळेत नेलं तेव्हा माझी आई सव्वीस वर्षांची होती. धडधाकट बाई. हरणाचं मागचं तंगडं एकटी खांद्यावर आणायची. त्यानंतर तिला मूल झालं नाही. एकही."

मी तिच्याजवळ शेवाळावर बसले. मग ती म्हणाली, "ऊठ, तुझ्या बुडाला ओल लागेल," आणि मला मागच्या पायांना धरलेले दोन ससे दिले.

घरी आल्यावर मी हॅल्वर्सनला फोन लावला. मला त्याला खोटं ठरवायचं होतं की आत्याला, माझं मलाच कळत नव्हतं.

"तुमचे हेक्टरला तीन," मी म्हणाले, "त्यातली पिल्लं किती?"

"लेंड्यांवरून घनता कळते, बाई. वय नाही कळत. आणि त्या लेंड्या वर्षभराच्या असतात."

"म्हणजे तुम्ही मला गेल्या वर्षीचे ससे सांगितलेत?"

माणूस प्रामाणिक होता, त्याला बोलायला जड गेलं एवढंच. "एका अर्थी, हो. यंदा काय झालं ते आम्हाला पुढच्या वसंतातल्या मोजणीत कळेल."

"आमचे म्हातारे वसंताच्या आधी जेवतात," मी म्हणाले आणि फोन आपटला. मग पुन्हा उचलून "आभार" म्हणायला लावला, तर त्याने घेतला नाही. बरोबर केलं.

आता अडचण समजून घ्या. आमच्या तळ्यात पांढरा मासा ऑक्टोबरमध्ये चिंचोळ्या तोंडातून वर येतो. पंधरा-अठरा दिवस. तेव्हा जाळी टाकली तर टाकली, मग तळ्यावर बर्फ धरतो. माणसं फासांच्या नावावर घातलेली, लाकडं फोडायला लावलेली, होडीचं इंजिन कोणी तपासलेलं नाही, जाळी गेल्या वर्षीच्या फाटक्याच. मासे सोडून सशांची वाट बघितली आणि ससे आले नाहीत, तर त्या बावीस ताटांत पुन्हा डब्यातलं गुलाबी मांस. मी तीन वर्षं भांडून हाकललेलं, मीच परत आणलेलं. आणि ते टाळायचं तर एकच मार्ग होता. जिथे उभी राहून बोलले होते तिथेच उभी राहून ते गिळायचं.

सप्टेंबरच्या सभेच्या आधी दोन दिवस मला झोप नव्हती. मला माफी मागता येत नाही. माझ्या पहिल्या नवऱ्याला विचारा. दुसऱ्यालाही विचारा.

उभी राहिले. माइक घेतला नाही. "जूनमध्ये मी सांगितलं ते चूक होतं," मी म्हणाले. "ससे पुरणार नाहीत. माणसं फासांवरून काढून जाळ्यांवर घाला. ड्रूसिला आत्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि वर तिच्या डोळ्यांवरून बोलले."

मग क्लेमंट खिडकीकडे वळला. "अरे, कोणीतरी बाहेर बघा, आभाळ जागेवर आहे ना? बर्निसने शब्द मागे घेतला!"

"क्लेमंट, तुझ्या तोंडात मोजा कोंबेन."

"कोंब, पण आधी सांग, बाहेर एवढे ससे आहेत आणि मी तीस माणसांची तार कापून ठेवलीय, तिचं काय करू?"

"स्वतःला बांध."

हसता हसता हात वर झाले. सगळे नाहीत. पाच जण रागाने उठून गेले, त्यांतले दोन माझेच चुलतभाऊ. ठराव तीन हातांच्या फरकाने मंजूर झाला. मी मागच्या रांगेकडे बघितलं. जिच्यासाठी मान खाली घातली, ती बाई आलीच नव्हती.

ती तिच्या ओसरीवर होती. मांडीवर जाळं, दातात दोरा. कितीतरी दिवस आधीपासून बसली असावी, दोन जाळी दुरुस्त होऊन घडी घातलेली होती.

"बोललीस?"

"बोलले. सगळ्यांसमोर. आणि तू नव्हतीस!"

"मी कशाला? मला माहीतच होतं." तिने बाजूची लाकडी सुई माझ्याकडे सरकवली. "बस. त्या टोकाचं भगदाड तुझं."

ऑक्टोबरात आम्ही चौदा दिवस जाळी ओढली. सत्तर पार केलेली ड्रूसिला होडीच्या पुढच्या टोकाला बसायची आणि माझ्या हातांकडे बघून म्हणायची, "भाषण देणारे हात आहेत, काय करणार." बोटं सुजून जुनी गाजरं झाली होती. हजाराच्या वर मासे आले. क्लेमंटने धुरी दिली, गोठवले, कापून ठेवले, आणि प्रत्येक खेपेला मला विचारलं, "हा ससा कुठे ठेवू?"

पहिला बर्फ पडला तेव्हा हट्टी लोकांनी फास लावलेच. पहिल्या आठवड्यात बरे सापडले, आणि माझे चुलतभाऊ माझ्या खिडकीसमोरून ससे मिरवत गेले. ते आठ दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. जानेवारीत पाच फासांना एक. मार्चमध्ये काहीच नाही. हडकुळा लिंक्स भरदिवसा पेट्रोलपंपासमोरून चालत गेला, कुत्र्यांनी यावेळी दोन्ही डोळे उघडले. ज्येष्ठांच्या घरात एप्रिलपर्यंत मासा पुरला. एक्क्याण्णव वर्षांचा आयझॅक रोज ताट ढकलायचा. "पुन्हा मासा! ससा कुठाय?"

"तुझ्या ताटात नाही, म्हणून कुठेतरी आहे," ड्रूसिला त्याला म्हणायची आणि त्याच्या माशातले काटे काढून द्यायची.

तिने तार डब्याला गुंडाळली ती गुंडाळलीच. चार उन्हाळे एकही फास लावला नाही. "थोडे राहिलेत, त्यांना काय विचारायचं," म्हणायची. पण सकाळची फेरी चुकवली नाही. विलोच्या सालीची जखम भरतेय का, बर्फावर पाऊल दिसतं का, ससाणा कुठे गेला. हॅल्वर्सन आता आला की पट्ट्यांवर जायच्या आधी तिच्या ओसरीवर चहा पितो. त्याच्या अहवालात "स्थानिक रहिवाशांच्या मते" असं लिहून आलं, तेव्हा मी शहरात जाऊन ते बदलून घेतलं. आता तिथे ड्रूसिला सॅम असं नाव आहे.

या जुलैत, पुलाच्या अलीकडच्या वळणावर, एक सशीण कोणाच्या तरी गाडीखाली आली. ड्रूसिलाला ती सकाळच्या फेरीत सापडली. अजून ऊब होती. तिने मला फोन केला नाही, सशीण टोपीत घालून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

"बघ," म्हणाली.

सड दाबला, दूध आलं. पोट उघडलं. पिशवीत गाठी होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. एकसारख्या, गुलाबी. आणि गुरदा? मला शोधावा लागला.

"आत्या," मी म्हणाले.

"एक अंगावर," ती म्हणाली, आणि टोपी तोंडावर धरून बसली. मग टोपीमागून आवाज आला, "अंगावरची झुडपात वाट बघत असतील. आई दिवसातून एकदाच येते पाजायला. तीन आठवड्यांची झाली असली तर गवतावर निभतील."

"आणि नसली तर?"

तिने टोपी घातली आणि वर्तमानपत्राची घडी केली. पोटातली पाच तिने स्प्रूसखाली पुरली. आईला शिजवलं आणि आयझॅकला नेऊन दिलं. चार वर्षांनी ससा. त्याने चाटूनपुसून खाल्ला आणि म्हणाला, मीठ कमी आहे.

म्हणून तुम्हाला एकच सांगायचंय, तुम्ही या महामार्गाने वर याल तेव्हासाठी. पुलापासून आमच्या पेट्रोलपंपापर्यंतचे एकवीस किलोमीटर गाडी हळू घ्या. झुडपाच्या कडेला दोन कान दिसले तर हॉर्न वाजवू नका, तिला दचकवू नका. थांबा. तिला ओलांडू द्या.